खोलीतली तालीम : एक बादली, एक टेबल आणि सहा आठवडे

दर टर्मच्या सुरुवातीला हॉस्टेलमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. कुणीतरी जिमची फी भरतो, नवे बूट आणतो, आठवडाभर पहाटेचा अलार्म लावून अख्ख्या विंगची झोप मोडतो. सबमिशन जवळ आल्या की बूट कॉटखाली जातात आणि फी पाण्यात! म्हणून हा लेख जिमविषयी नाही. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, कुठलंही यंत्र न आणता, सगळ्या शरीराचा व्यायाम शून्यापासून कसा सुरू करावा, एवढाच विषय आहे.

सुरुवात एका चुकीने करतो. फर्स्ट इयरला आमच्या एका मित्राने पैजेखातर एका दमात जवळजवळ तीनशे बैठका मारल्या. त्याआधी वर्षभर व्यायामाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी गडी जिना उतरेना, आम्ही खो-खो हसलो. तिसऱ्या दिवशी त्याला चहासारखी काळसर लघवी झाली, तेव्हा मात्र सगळ्यांचं हसू पळालं. चार दिवस सलाईन. डॉक्टरांनी समजावलं की अति ताणामुळे स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर आघात करू शकतं. तो वाचला, कारण वेळेवर गेला. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा : व्यायामानंतर लघवी काळसर झाली तर लिंबू-सरबत पीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

साधं अंग दुखणं वेगळं. नव्या व्यायामानंतरचं दुखणं साधारण एक ते तीन दिवस जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. ते 'लॅक्टिक अॅसिड साचल्याने' होतं असं सगळे सांगतात, पण ते खरं नाही. लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात बहुतेक निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे आणि त्यांच्या दुरुस्तीमुळे.

तत्त्व एकच : भार थोडा थोडा वाढवा

स्टीलवर पुन्हा पुन्हा भार टाकला तर ते थकतं आणि एक दिवस तुटतं. स्नायूचं उलट आहे. भार टाका, विश्रांती द्या, तो पुढच्या वेळी थोडा जास्त भार पेलायला तयार होतो. पण विश्रांती नसेल तर त्याचंही स्टीलच होतं! म्हणून रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस : सोमवार, बुधवार, शुक्रवार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम करावा, शिवाय १५० ते ३०० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करावी. मेस, कॉलेज, लायब्ररी पायी केलंत तर दुसरा भाग बराचसा तिथेच सुटतो.

आधी अंग मोकळं करा

चार-पाच सूर्यनमस्कार, सावकाश. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हा व्यायाम घरोघरी नेण्यासाठी आयुष्यभर खटपट केली. १९३८ मध्ये त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. राजाला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आपल्याला वाटायचं कारण नाही.

पाच व्यायाम

१. बैठक. मागे खुर्ची ठेवा. पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा जमिनीला टेकवून, कंबर मागे नेत खुर्चीला हलका स्पर्श होईपर्यंत खाली या आणि उठा. गुडघे पायाच्या बोटांच्याच दिशेला राहू द्या, आत वळू देऊ नका. तालमीतली बैठक चवड्यांवर आणि भरभर असते, ती नंतर शिका.

२. पुश-अप. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. जमिनीवर हात टेकून पुश-अप काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो. हात ३० सेंमी उंचीवर ठेवले तर ५५ टक्के, ६० सेंमीवर ठेवले तर ४१ टक्के. म्हणजे साठ किलोच्या माणसाला जमिनीवर ३८ किलो, पण ६० सेंमीच्या आधारावर फक्त २५ किलो! गुडघे टेकवले तर ४९ टक्के. तेव्हा 'मला एकही निघत नाही' म्हणून लाजू नका, उंची बदला. क्रम असा : भिंत, टेबल, कॉट, जमीन. टेबल भिंतीला टेकवून घ्या, नाहीतर ते सरकेल आणि दात जातील. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत हवं.

३. बादली ओढणे. पुश-अपने छाती आणि दंडाची मागची बाजू होते. पाठ मात्र राहून जाते, आणि ड्रॉईंग शीटवर वाकून कुबड आलेल्या आपल्या जमातीला तिचीच गरज जास्त. बाथरूममधली बादली घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं अचूक डंबेल दुसरं नाही! पाच लिटरने सुरुवात करा. डावा हात टेबलावर टेकवा, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका, उजव्या हाताने बादली कमरेकडे ओढा, सावकाश खाली न्या. मग हात बदला. बादली शरीराजवळ ठेवा. ती जितकी लांब, तितका कमरेवर टॉर्क जास्त. कडी हाताला रुतत असेल तर नॅपकिन गुंडाळा.

४. पूल. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, टाचांवर जोर देऊन कंबर उचला, दोन सेकंद धरा, खाली या. दिवसभर बेंचवर बसून सुस्त झालेले मांडीच्या मागचे आणि कुल्ल्यांचे स्नायू यात कामाला लागतात.

५. फळी. कोपरं आणि चवडे टेकवून शरीर फळीसारखं ताठ धरा. आधी पंधरा-वीस सेकंद पुरे. श्वास रोखू नका. कंबर लोंबायला लागली की संपलं.

सहा आठवड्यांचा कार्यक्रम

आठवडा १ आणि २ : प्रत्येकी ८ वेळा, अशा दोन फेऱ्या.
आठवडा ३ आणि ४ : ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या.
आठवडा ५ आणि ६ : १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या.

दोन व्यायामांमध्ये मिनिटभर थांबा. सगळं मिळून अर्ध्या तासात आटोपतं. 'अजून दोन निघतील' असं वाटतं तिथेच थांबायचं, हा आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी. लागोपाठ दोन दिवस सगळ्या फेऱ्यांत १२ वेळा नीट जमलं तरच पुढची पायरी : पुश-अपची उंची कमी, बादलीत एक लिटर जास्त, बैठकीत पाठीला पुस्तकांची सॅक. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडे लिहा. आरसा पहिल्या महिन्यात काहीच दाखवत नाही. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते त्यातून येते. वही मात्र खरं सांगते.

मेसचं काय?

पावडरचे डबे आणण्याआधी ताटात बघा. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशीत प्रथिनांचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोला सुमारे ५० ग्रॅम आहे. व्यायाम करणाऱ्याने थोडं जास्त घ्यावं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, कपभर दुधात ७-८. उसळ दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. आणि झोप! रात्रभर जागून सकाळी व्यायाम करण्यापेक्षा त्या दिवशी सुट्टी घेतलेली बरी.

हृदयाचा त्रास, रक्तदाब, हर्निया किंवा जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर आणि मॅडम मंडळींनी भिंतीपासून सुरुवात करावी. भिंत स्टाफरूमलाही असते.

आमचा तो मित्र पूर्ण बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, खुर्चीला टेकत आठ बैठकांपासून पुन्हा सुरू झाला. फायनल इयरला तो विंगमधला एकमेव होता ज्याचा व्यायाम परीक्षेतही चुकला नाही. पैज मात्र पुन्हा कुणाशी लावली नाही.

तर मग, येत्या सोमवारी बादली रिकामी दिसली की भरा. आंघोळीसाठी रांगेत उभ्या असलेल्यांची आधी परवानगी घ्या, म्हणजे झालं!