तेवीस वर्षांचा संपादक

मुलांनो, मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ साली कलकत्त्यात ‘अल हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. परकीय सत्तेवर ते निर्भयपणे टीका करीत. ती सरकारला सहन झाली नाही. १९१० च्या छापखाना कायद्याने सरकारने आधी २,००० रुपयांची अनामत मागितली. ती जप्त करून १०,००० रुपये मागितले. अखेर ‘अल हिलाल’ बंद पडले. पण आझाद खचले नाहीत. १९१५ साली त्यांनी ‘अल बलाग’ काढले.

हे ऐकून वर्गातील एका मुलीने विचारले, “सर, खोटी बातमीही अडवू नये का?”

मागच्या बाकावरून उत्तर आले, “खोटे असेल तर पुरावा देऊन खोडावे, पण खरे लिहिणाऱ्याची लेखणी का हिसकावावी?”

तुम्हांला काय वाटते? पाच वाक्यांत लिहा.