हरिहरेश्वरची सुरक्षितता: वर्षाचा हिशेब मांडताना काय करावे, काय टाळावे

२ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलीस दलाला स्वतःचा ध्वज मिळाला. त्या निमित्ताने दर जानेवारीत पोलीस स्थापना दिन साजरा होतो, शाळेची मुले ठाणे पाहायला जातात आणि याच सुमारास सरत्या वर्षाचे आकडेही समोर येतात: गुन्हे किती दाखल झाले, किती उघडकीस आले. हरिहरेश्वरला एवढ्या आकड्यांवर भागत नाही. पुढे समुद्र, बाजूला सावित्रीचे मुख, सुट्टीच्या दिवशी गावात मावणार नाही एवढी गर्दी आणि श्रीवर्धनचे ठाणे सुमारे १८ किलोमीटरवर. इथला पहिला पहारेकरी किनाऱ्यावरचा माणूसच असतो. त्याने पाहिलेले ठाण्यापर्यंत किती लवकर पोचले आणि ठाण्याने त्याचे पुढे काय केले, यावरून या गावातले पोलिसी काम जोखावे. त्यासाठी दोन्ही बाजूंनी पाळण्याच्या काही गोष्टी.

काय करावे

१. वावगे दिसले की तिथूनच फोन करावा. कोणत्याही संकटात ११२, किनाऱ्यावरच्या संशयास्पद हालचालीसाठी सागरी पोलिसांचा १०९३, समुद्रात बोट अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. हे तीन आकडे मोबाइलमध्ये आणि घराच्या भिंतीवर हवेत. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बेवारस नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे निघाली. जून महिन्यात इंजिन बंद पडल्यावर खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचवले होते आणि नौका वाहत इथवर आली होती, हे तपासात कळले. पण ते कळेपर्यंत जिल्ह्यात नाकाबंदी झाली होती आणि ती व्हायलाच हवी होती. ही नौका आधी गावकऱ्यांना दिसली, हे विसरू नये. खबर खोटी ठरली तरी प्रामाणिकपणे देणाऱ्याचे काही चुकत नाही.

२. प्रदक्षिणेला निघण्याआधी भरतीची वेळ विचारावी. काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन झाले की भाविक डोंगराच्या कुशीतल्या पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवर येतात. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला पाणी, पायाखाली शेवाळ. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास आणि तीही उधाणाची. दर्शन आटोपून लोक खाली उतरतात ती नेमकी हीच वेळ. म्हणून पुजारी, दुकानदार, मच्छीमार यांपैकी कोणीही ‘आत्ता नको’ म्हटले की माघारी फिरावे. प्रदक्षिणा ओहोटीला करता येते. पावसाळ्यात तिकडे उतरूच नये.

३. प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवावी. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी एकाचे नाव लिहून दहा जणांना आत घेऊ नये. प्रत्येकाचे ओळखपत्र पाहावे, गाडीचा क्रमांक आणि येण्याजाण्याची वेळ लिहावी. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत ऑनलाइन नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. दर, वेळा आणि दारूबाबतचा नियम खोली देण्याआधीच लिहून दाखवावा. निम्मे वाद तिथेच टळतात.

४. समुद्रात जाताना खलाशांची यादी किनाऱ्यावर ठेवून जावे. नौकेची नोंदणी, प्रत्येकाचे ओळखपत्र, लाइफ जॅकेट आणि चालू वायरलेस संच एवढे तांडेलाने बंदर सोडण्याआधी तपासावे. नवा खलाशी कुठून आला, कोणाच्या ओळखीने आला, हे मालकाला ठाऊक असावे. नौका परतली नाही तर शोध कोणाचा आणि कुठे घ्यायचा, हे त्या यादीवरूनच ठरते.

५. सागर सुरक्षा दलात तरुणांनी नाव द्यावे. पोलीस पाटलाच्या पदाला १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाचा आधार आहे. सागर सुरक्षा दल मात्र लोकांच्या इच्छेवर चालते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांचे डोळे किती मोलाचे आहेत हे सगळ्यांनाच उमगले. पोलिसांनीही या मुलांना फक्त ‘सागर कवच’ सरावाच्या दिवशी हाक मारू नये. त्यांना टॉर्च, शिट्टी, ओळखपत्र आणि वर्षातून दोनदा तरी नीट प्रशिक्षण द्यावे.

६. फिर्याद हक्काने द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग हद्द कुठलीही असो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. साक्ष-जबाबासाठी महिलांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही.

७. पोलिसांनी आकडे गावात येऊन सांगावेत. जिल्ह्याच्या बेरजेत हरिहरेश्वर हरवून जाते. गावापुरते सांगावे: ११२ वर किती फोन आले, गाडी पोचायला किती वेळ लागला, कोणत्या खडकावर किती जण बुडाले किंवा वाचवले, किती मद्यपी चालक पकडले, किती मुद्देमाल मालकाला परत गेला, गस्तीची बोट किती दिवस नादुरुस्त होती. यातला शेवटचा आकडा सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर गाव अधिक विश्वास ठेवेल.

काय टाळावे

१. किनाऱ्याला लागलेले पाकीट, पिंप, पेटी उघडू नये. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली. असे काही दिसले तर हात लावू नये, घरी नेऊ नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. जागा लक्षात ठेवावी, भरतीने माल पुन्हा ओढला जाईल का ते पाहावे आणि लगेच कळवावे. अमली पदार्थ जवळ सापडणे हाच गुन्हा आहे. ‘काय आहे ते बघत होतो’ हे कारण पुरत नाही.

२. आधी व्हिडिओ, मग पोलीस असे करू नये. संशयित बोट, मृतदेह किंवा अपघात यांची चित्रफीत गटागटांत फिरली की अफवा पोलिसांच्या गाडीच्या पुढे धावते. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल कोसळल्यावर काही मृतदेह नदीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यांवर सापडले. अशा वेळी चित्र पाहणाऱ्यांत कोणाची आई, कोणाचा मुलगा असतो, याचे भान ठेवावे.

३. भाड्याचा वाद रात्री अंगावर घेऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरिहरेश्वरात खोलीवरून झालेल्या वादानंतर पर्यटकांच्या गाडीखाली एका महिलेचा जीव गेला. तिचा दोष काहीच नव्हता. पण या घटनेतून प्रत्येक यजमानाने एक गोष्ट पक्की करावी: प्यालेल्या टोळीशी एकट्याने बोलायला जायचे नाही, निघालेल्या गाडीपुढे उभे राहायचे नाही. क्रमांक टिपावा, शेजाऱ्यांना उठवावे, ११२ लावावा. पैसे नंतर वसूल होतील. आणि पर्यटकांनो, हे गाव म्हणजे लोकांची घरे आहेत. प्यायल्यावर चावी हातात घेऊ नका, पुळणीवर गाडी उतरवू नका, पाण्यात तर मुळीच जाऊ नका.

४. चिरीमिरीकडे डोळेझाक करू नये. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि शस्त्रे उतरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्या खटल्यात काही पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. डिझेलचे चार कॅन किंवा दारूची दोन खोकी सोडून देणारा हात पुढे काय सोडेल, हे त्यालाही ठाऊक नसते. लाच मागणाऱ्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर करावी.

५. देवळाची राखण एकदोन माणसांवर टाकू नये. मार्च २०१२ मध्ये शेजारच्या दिवेआगरला सुवर्णगणेशाची चोरी झाली आणि दोन रखवालदार मारले गेले. चोर सापडले, सोने परत मिळाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापनाही झाली. गेलेली दोन माणसे मात्र परत आली नाहीत. मौल्यवान ऐवज, कॅमेरे, भोंगा आणि ठाण्याशी थेट जोडणी यांचा विचार रखवालदाराच्या जिवापासून सुरू व्हावा.

६. गंभीर गुन्हा बैठकीत मिटवू नये. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे किती तरी वाद घरच्या घरी सोडवले. पण मुलांवरचा अत्याचार, बाईवरची मारहाण, विनयभंग यांना ‘गावाची अब्रू’ म्हणून झाकणे म्हणजे गुन्हेगाराला दुसरी संधी देणे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

७. गुन्हे घटले एवढ्यावर पाठ थोपटू नये, वाढले म्हणून बदनामी करू नये. फिर्याद घ्यायला टाळाटाळ केली तरी आकडा घटतो आणि बायका निर्भयपणे ठाण्याची पायरी चढू लागल्या तरी आकडा वाढतो. अधिकाऱ्यावर घटत्या आकड्यासाठी दबाव आणणारे गाव स्वतःचेच नुकसान करते.

जानेवारीच्या बैठकीला सरपंच, पोलीस पाटील, मच्छीमार सोसायटी, देवस्थान, निवासवाले आणि महिला बचत गट हे सगळे हजर हवेत. तिथे ठाण्याला विचारावे: आम्ही कळवलेल्यातले किती धसास लागले? आणि ठाण्याने गावाला विचारावे: तुम्हाला दिसूनही किती गोष्टी आमच्यापर्यंत आल्याच नाहीत? दोन्ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या वर्षीची बैठक तीच पाने वाचून सुरू करावी.