चकली ताटलीत घे

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. इतक्या अवेळी फोन म्हणजे माणूस नको ते मनात आणतं. आणि तू पलीकडून, घरातलं कुणी जागं होऊ नये अशा आवाजात म्हणालीस, "ताई, मी पाच चकल्या खाल्ल्या." मग रडायलाच लागलीस. अकरा दिवस सूप, काकडी आणि उकडलेले मूग. आणि बाराव्या रात्री दिवा न लावता, स्टूलवर चढून, मागे लपवलेला दिवाळीचा डबा उतरवून, ओट्याशी उभ्याउभ्या पाच चकल्या. तळाशी राहिलेला चुराही बोटाने टिपून खाल्लास म्हणालीस.

फोनवर मी तुला फक्त "झोप आता" म्हटलं. जे बोलायचं होतं ते आता सगळं सांगते.

आधी हिशेब. तळलेल्या चकलीत १०० ग्रॅमला साधारण ५०० ते ५५० कॅलरी धर. आपल्या घरची मध्यम आकाराची चकली वीसेक ग्रॅम भरते, मी काट्यावर ठेवून पाहिली आहे. म्हणजे एक चकली शंभराच्या आसपास आणि पाच चकल्या पाचशे. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सात-साडेसात हजार कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. मग पाच चकल्यांनी काय होणार? आज सकाळी वजनकाट्यावर आठशे ग्रॅम जास्त दिसले असतील, तर ते बरंचसं मिठाने धरून ठेवलेलं पाणी आहे. दोन-तीन दिवसांत उतरेल. तेव्हा 'अकरा दिवस वाया गेले' हे मनातून काढून टाक. काही वाया गेलेलं नाही.

मला काळजी चकल्यांची नाही, तू त्या अंधारात खाल्ल्यास याची आहे.

अगं, चोरून खाल्लेल्या घासाचं समाधान होत नाही. अर्धं लक्ष दाराकडे, अर्धं मनाच्या टोचणीकडे. चव घ्यायला जीभ मोकळी असते कुठे? म्हणून एकीवर हात थांबत नाही. आणि त्यात ते वाक्य येतं, "आता मोडलंच आहे तर होऊन जाऊ दे." हे वाक्य मी स्वतःशी किती वर्षं बोलले असेन! सकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा खाल्ला की दुपारी समोसा, रात्री आइस्क्रीम, आणि 'सोमवारपासून पुन्हा'. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोघांनी याचाच प्रयोग केला होता. काही मुलींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, आणि मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्याला बांध न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पण नेहमी तोंड बांधून राहणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडला एवढ्याच कारणाने त्यांचा बांध फुटला. हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. म्हणजे दोष माझ्या मनोबलाचा नव्हता, 'कध्धीच खाणार नाही' या नियमाचा होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की चकलीला तुझ्या दिवसात जागा दे. लपवू नकोस, मोजून वाढ. दीड हजार कॅलरीचा दिवस आखला असशील, तर त्यातल्या दीडशे-दोनशे आवडीच्या खाण्यासाठी आधीच बाजूला काढून ठेव. घरखर्चात आपण सणासाठी वेगळे पैसे ठेवतो ना, तसं. दोन चकल्या, नाहीतर लिंबाएवढा एक बेसनाचा लाडू, नाहीतर मूठभर चिवडा आणि वर बारीक चिरलेला कांदा. रोज यातलं एक. सगळी एकाच दिवशी नाहीत.

आता तू विचारशील, या दीडशे-दोनशे काढायच्या कुठून? आपल्या रोजच्या खाण्यातच त्या सांडलेल्या असतात. तुझा चहा घे. दिवसाला तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर तीस ग्रॅम झाले, म्हणजे १२० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात दिवसभराची साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलंय. ती मर्यादा तू नुसत्या चहातच ओलांडतेस. आणि मला खरं सांग, दुपारी चारच्या त्या चहातली साखर तुला आठवते तरी का? फायलीवर डोळे ठेवून तो पोटात जातो. त्याच्याबरोबर जाणारी बिस्किटंही तशीच. तुला बिस्किटं मुळात आवडतच नाहीत. लहानपणी तू ती आपल्या मोत्या कुत्र्याला घालायचीस. डबा टेबलावर फिरतो म्हणून हात जातो. मी वर्षभरात नऊ किलो उतरवले, त्यातले बरेचसे मला न आवडणाऱ्या गोष्टी सोडून उतरवले. चहातली साखर दोन चमच्यांवरून दीडवर, मग एकवर, मग अर्ध्यावर आणली. दर पायरीला दोन आठवडे दिले. ऑफिसचा थंडगार समोसा सोडला. लग्नातला गुलाबी रंगाचा, नुसता गोड लागणारा केक सोडला. पण आईच्या हातची पुरणपोळी सोडली नाही, आणि सोडणारही नाही.

तेव्हा सोडायचंच तर जे जिवाचं नाही ते आधी सोड. खाण्याच्या बाबतीत चोखंदळ हो. चकली खुसखुशीत, मोहन नीट पडलेली असेल तर घे. वातड झालेली, खवट वासाची केवळ 'आता संपवायला हवी' म्हणून खाऊ नकोस. आपल्या बायकांचं अर्धं वजन या 'संपवायला हवी'तून वाढतं. मुलाच्या ताटातला उरलेला पराठ्याचा तुकडा, पातेल्याच्या बुडाशी राहिलेली दोन चमचे खीर, वाटीतला घासभर भात. टाकवत नाही, मग जातं पोटात. अन्न टाकायला मलाही जिवावर येतं, आपल्यावर संस्कारच तसे आहेत. पण त्यावर उपाय उद्याचा स्वयंपाक बेताने करणं हा आहे. पराठा डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेव, सकाळी त्यालाच दे.

खायची रीतही बदल. डबा हातात घेऊन कधी खायचं नाही. ताटली घे, चकल्या त्यात ठेव, डबा बंद करून फळीवर ठेव आणि मगच बस. टीव्ही नको, मोबाईल नको. चकली मधोमध मोडते तेव्हा तो जो बारीक आवाज होतो ना, तो ऐक. आधी तीळ जिभेला लागतात, मग भाजणीचा खमंगपणा, आणि मागून हळूच तिखट. आईच्या भाजणीत धन्या-जिऱ्याचं प्रमाण जरा चढं असतं, ते शेवटी कळतं. दोन चकल्या अशा खायला मला सात-आठ मिनिटं लागतात. काल रात्री तुझ्या पाचही तेवढ्यात संपल्या असतील.

वेळेचंही सांगते. रिकाम्या पोटी आवडीचं खाणं समोर घेऊ नकोस. तू एकला जेवतेस आणि सातला लोकलमधून उतरतेस. सहा तास पोटात काही नाही आणि स्टेशनबाहेर कढईतून वडे निघतायत! तिथे कुणाचाही पाय अडखळेल. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे खा. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, पोट धरून राहतं. मात्र कॅलरी १७० असतात, म्हणून मूठ ती मूठच. आणि वडापाव हवाच आहे ना? शनिवारी खा. पण जेवणाच्या जागी खा; एक वडापाव, भरपूर कोशिंबीर, ग्लासभर ताक. वडापाव खाऊन घरी आल्यावर पुन्हा पोळी-भाजी-वरण-भात, तिथे गणित बिघडतं. गोडाचंही तेच. श्रीखंड वाटीत घेऊन दुपारी चारला खाण्यापेक्षा जेवणाच्या शेवटी दोन चमचे घे. पोट भरलेलं असलं की दोन चमच्यांनी खरंच भागतं.

उपासाचं बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आजी म्हणायची ते काही उगाच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा. चव अप्रतिम, मला प्राणाहून प्रिय. पण मोठी बशीभर खिचडी म्हणजे भरपेट जेवण झालं, आणि आपण ती नाश्त्याला खाऊन दुपारी पुन्हा भगर-आमटी करतो, वर बटाट्याचा कीस आणि केळ्याचे वेफर्स. मनात मात्र 'आज उपास होता, वजन उतरेल'. मी आता चतुर्थीला खिचडी एकदाच खाते, वाटीभर, सोबत काकडीची कोशिंबीर आणि दही. बाकी दिवसभर ताक, फळं. आणि मोदकाच्या दिवशी उकडीचे मोदक खाते, दोन, वर चमचाभर तूप घालून. उकडीला तळणीचं तेल नसतं, पण सारणात गूळ-खोबरं असतंच. गुळाला साखरेहून फारशा कमी कॅलरी नसतात, हे आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. 'गुळाचं आहे, चालतं' म्हणून चार लाडू खाणारी आपली मावशी आठव.

दुकानातल्या 'डाएट चिवडा' आणि 'शुगर फ्री बर्फी'लाही तसंच तपासून घे. बर्फीत साखर नसेल, खवा आणि तूप तर आहे! पाकिटाच्या मागचा तक्ता वाच: आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, आणि वाढणी किती ग्रॅमची धरलीय. त्यापेक्षा पातळ पोहे घरी मंद आचेवर कुरकुरीत भाजून घे, दोन चमचे तेलाच्या फोडणीत कढीपत्ता, मिरची, डाळं टाक आणि कालव. तळलेल्या चिवड्यापेक्षा हलका होतो. पण भाजका म्हणून वाडगा भरून घेऊ नकोस.

राहिला आग्रह. तुझ्या सासूबाई मनाच्या चांगल्या आहेत, वाढण्यात त्यांची माया आहे. 'मी डाएटवर आहे' म्हटलंस की त्यांना वाटतं सून उपाशी राहते, आणि त्या अजून एक पोळी टाकतात. तू पहिल्यांदाच थोडं मागून घे. "आई, मला अर्धीच पुरणपोळी द्या, पण तुमच्या हातची कटाची आमटी दोनदा घेईन." त्या सुखावतील, तुझंही पोट भरेल. हळदीकुंकवाला गेलीस तर दिलेला लाडू डब्यात घालून घरी आण आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या वाट्याचा म्हणून खा. तिथल्या तिथे तोंडात टाकलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

एखाद्या दिवशी जास्त होईलच. दिवाळी आहे, लग्नं आहेत, आपण माणसं आहोत. त्या रात्री फक्त एवढं कर: दुसऱ्या दिवशी उपाशी राहून त्याची भरपाई करू नकोस. नेहमीचा नाश्ता, नेहमीचं जेवण, नेहमीचं चालणं. उपाशी राहिलीस की पुन्हा रात्री डब्याशी उभी राहशील.

आणि एक गोष्ट, बाळा, जरा जपून पण स्पष्ट विचारते. हे काल पहिल्यांदाच झालं का? चोरून खाणं, थांबता न येणं, मग स्वतःची घृणा वाटणं किंवा खाल्लेलं बाहेर काढावंसं वाटणं, असं वारंवार होत असेल तर मला सांग. त्याला डॉक्टर आणि समुपदेशक असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी तुझ्याबरोबर येईन. तुझ्या थायरॉइडच्या गोळ्याही चालू आहेत, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं सूप-काकडीचं पथ्य पुन्हा सुरू करू नकोस. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ आहे. मला तर त्याहून हळू उतरलं, आणि दोन वर्षं झाली, परत चढलेलं नाही.

आज संध्याकाळी घरी गेलीस की तो डबा मागून काढून पुढच्या फळीवर ठेव. दिवा लाव. दोन चकल्या ताटलीत घे, मुलालाही एक दे, आणि टेबलाशी बसून खा. खाऊन झाल्यावर मला फोन कर. मी जागीच आहे.