दबक्या आवाजात

महिन्या-दोन महिन्यांतून मला एक फोन येतोच. आधी पाऊसपाणी, बदल्या, कुणाच्या घरचं लग्न. मग आवाज खाली येतो. "वहिनी, जरा खाजगी होतं." खाजगी काय असणार ते मला आता पाठ झालंय. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली असतात, टेस्ट ट्यूबही करून झालेलं असतं, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की अमुक गावी एक बाळ आहे, लगेच मिळेल. मी म्हणते, आधी मोठ्यानं बोला. मग बाकीचं.

हे शहाणपण मला चाळीस हजारांना पडलं.

मी शाळेत क्लार्क, ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. २००६ साली लग्न झालं आणि पुढची दहा वर्षं मिरज, कोल्हापूर, परत मिरज अशी दवाखान्यांत गेली. त्यावर काही लिहीत नाही. ज्यांनी काढलीत त्यांना ठाऊक आहे. दत्तकाचा विषय पहिल्यांदा ह्यांनी काढला, तोही दिवा मालवल्यावर. सकाळी उठून दोघंही त्यावर अवाक्षर बोललो नाही. विचारायचं कुणाला? माहेरी विचारलं तर आई रडणार. शाळेत विचारलं तर मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी सगळीकडे झालेलं असणार. म्हणून जिथं बभ्रा होणार नाही अशा ठिकाणी विचारलं. दबक्या आवाजात विचारलं की उत्तर देणाराही दबक्या आवाजाचाच भेटतो, हे तेव्हा कळत नव्हतं.

तो भेटला २०१६ च्या गणपतीनंतर. नात्यातल्या एकाच्या ओळखीचा, दवाखान्यांतून फिरणारा, बोलायला एकदम गोड. सरकारी रस्त्यानं गेलात तर पाच वर्षं थांबाल, म्हणाला. इथं बाळ एका दिवसाचं मिळेल आणि जन्मदाखल्यावर आई-बाप म्हणून नावं थेट तुमचीच. सगळा मिळून अडीच लाख. "किंमत नाही हां ही, बाळंतपणाचा खर्च." चाळीस हजार आगाऊ दिले. पावती मागायचं मला सुचलंसुद्धा नाही, आणि मी दिवसभर शाळेत पावत्याच फाडते.

बोलावणं आलं तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात गेलो. वरच्या मजल्यावर नर्सनं केसपेपर काढला आणि माझं नाव विचारलं. वय, रक्तगट. मग सहज म्हणाली, "ॲडमिटची तारीख कालची टाकते. गावात सांगा, सातव्या महिन्यापासून माहेरी होते." तिचा हात भराभर चालत होता, असे कागद तिनं आधीही भरलेले असणार. मी बाकड्यावर बसले. समोरच्या खोलीचं दार अर्धं उघडं. कॉटवर भिंतीकडे तोंड करून एक मुलगी पडली होती, माझ्या शाळेतल्या बारावीच्या पोरींएवढी. आया खोलीत गेली तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, "मावशी, दूध यायला लागलंय, काय करू?"

आयेनं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. ह्यांनी ऐकलं असावं. ते उठले, मला म्हणाले, "चल."

बाळ आम्ही पाहिलंच नाही. पैसे गेले. पण मला जे अजून टोचतं ते पैशाचं नाही. आम्ही कुणालाही काही सांगितलं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे, वर्षानुवर्षं मी त्या भिंतीजवळ गाडी लावते. फोन केला नाही. केला असता तर आपणही अडकू, ही भीती. ती अगदीच खोटी होती असं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८० प्रमाणे ठरलेली पद्धत डावलून मूल देणाऱ्याइतकाच घेणाराही गुन्हेगार ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. कलम ८१ मुलाच्या खरेदी-विक्रीचं आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि दवाखान्यातल्या माणसानंच हे केलं तर किमान तीन, कमाल सात वर्षं. आम्ही उठून आलो म्हणून सज्जन ठरलो, एवढंच. नर्सनं बाळ आधी हातात ठेवलं असतं तर उठलो असतो का, याचं उत्तर मी स्वतःलाही देत नाही.

त्या मुलीचा विचार पुढं खूप वर्षं करत राहिले. तिच्यासाठीही सरळ रस्ता होता. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. ज्या आईला मूल सांभाळणं शक्यच नाही तिला समितीसमोर ते सोपवता येतं. नाव गुप्त राहतं, आणि विचार बदलायला साठ दिवस मिळतात. त्या दवाखान्यात तिला साठ मिनिटं तरी मिळाली असतील का? तिच्या घरच्यांनीही आमच्यासारखंच दबक्या आवाजात कुणाला तरी विचारलं असणार. इकडून आम्ही, तिकडून ते, मध्ये तो गोड बोलणारा.

दर ३ जानेवारीला आमच्या शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार असतो, भाषणं होतात. पहिली शाळा, शेणाचे गोळे, सगळं येतं. फुले दांपत्यानं १८६३ मध्ये पुण्यात अडलेल्या विधवांसाठी प्रसूतिगृह काढलं आणि तशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेऊन त्याला डॉक्टर केलं, हे मात्र भाषणात क्वचित. आपल्याला दत्तक म्हटलं की आठवतं ते दत्तक नामंजूर, गादी आणि वारस. घरी विषय निघाला तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्नही वारसाचाच होता: "कुणाचं कोण, जातपात काय?" आणि दिरांनी आपला धाकटा देऊ केला. मनापासूनच. पण शेजारी उभ्या जाऊबाईंचा चेहरा मी पाहिला, आणि तो विषय तिथंच मिटवला.

नात्यातलं मूल घेणं चूक आहे असं नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं ते होतं. पण त्या कायद्यातही मूल देऊ शकतात ते आई-वडील, आणि ते नसतील तर कोर्टाच्या परवानगीनं पालक. डॉक्टर, नर्स, पुढारी, मठाधिपती, कुणालाही मूल 'देण्याचा' अधिकार नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मिळालेल्या परक्या बाळाचे कागद म्हणजे नुसता कागद. हल्ली हेच मोबाइलवरून चालतं. २०२१ च्या कोविडमध्ये आई-बाप गेलेल्या लहानग्यांना घर हवंय, या नंबरवर फोन करा, असे मेसेज तुम्हीही वाचले असतील. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तीनदा आले. असा मेसेज पुढं ढकलू नका. पोरकं मूल दिसलं, सापडलं तर १०९८, पोलीस किंवा बालकल्याण समिती, तेही चोवीस तासांच्या आत. तसा कायदाच आहे. आणि आई-बाप गेले म्हणजे मूल लगेच दत्तक द्यायचं असंही नाही. आजी, मामा, काका सांभाळायला तयार असतात, ओढाताण पैशाची असते. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करा.

आम्हाला सरळ रस्ता सापडला तोही योगायोगानं. दुकानात मोटर घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकानं बोलता बोलता, अगदी मोठ्यानं, चार लोकांत सांगितलं, "आमची पोरगी दत्तक आहे की." हे त्या दिवशी दुकान अर्ध्यावर सोडून घरी आले. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. जी माहिती दहा वर्षांत मिळाली नव्हती ती ताटावर बसल्या बसल्या मिळाली.

नोंदणी एकाच ठिकाणी होते, केंद्र सरकारच्या 'कारा'च्या पोर्टलवर. कुठल्याही संस्थेत ओळख काढून नंबर पुढं सरकत नाही. फी ठरलेली असते, तक्ता वेबसाइटवर असतो, पावती मिळते. वयाची अट नीट वाचा, कारण वाट पाहण्यात वय सरतं. २०२२ च्या नियमांत दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, चार वर्षांपर्यंत ९०, आठपर्यंत १००, त्यापुढं ११०. एकट्या बाईलाही घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आम्ही २०१७ मध्ये नाव घातलं. तान्हंच हवं हा हट्ट सोडून दोन ते चार वर्षांचं चालेल असं लिहिलं, तरी तीन वर्षं लागली.

मध्ये गृहभेट होते. समाजसेविका येणार म्हणून आम्ही भिंतींना रंग दिला, नवे पडदे लावले. तिनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "तुमचं भांडण झालं की आधी कोण बोलतं?" मग दोघांशी वेगवेगळं बोलली. मी तिला दवाखान्याचं सगळं सांगून टाकलं. तिनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही पहिल्या नाही," एवढंच म्हणाली. माझं सांगणं असं, की या बाईला परीक्षक समजू नका. पुढं रात्री-बेरात्री फोन करायला तीच लागते.

फेब्रुवारी २०२० मध्ये पोर्टलवर फोटो दिसला. अट्ठेचाळीस तासांत मूल राखून ठेवायचं असतं. आम्हाला दहा मिनिटं लागली. मराठवाड्यातल्या संस्थेतली अडीच वर्षांची मुलगी. घरात तिला आम्ही चिमणी म्हणतो. आणून महिना होतो न होतो तोच लॉकडाऊन लागला, आणि कोर्टाचा आदेश पुढच्या वर्षावर गेला. (आता कायदा बदलून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलाय.)

पहिल्या दिवसांबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ती मला आई म्हणेल असं मी धरून चालले होते. ती मावशी म्हणायची. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या मावश्याच. सकाळी सहाला उठून टॉवेल खांद्यावर टाकायची आणि मोरीच्या दाराशी उभी राहायची, आपला नंबर येईपर्यंत. घरात दुसरं कुणी आंघोळीला नसायचं, तरी उभी. चपातीचा तुकडा उशीखाली. ह्यांच्या जवळ जायची नाही. पुरुष माणूस तिनं फारसा पाहिलाच नव्हता. सासूबाईंना विचारायची, "काय करूलालीस?" सासूबाई म्हणायच्या, ही कुठली भाषा? तीन आठवड्यांनी मी समाजसेविकेला रडत फोन केला की हिला मी आवडत नाही. ती म्हणाली, चपात्या मोजू नका, उशीखालचा तुकडा काढू नका, रोज एक ताजा डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा. डबा ठेवला. पाऊस सुरू झाला तेव्हा कधीतरी उशीखालचा तुकडा बंद झाला. 'आई' त्याच्याही नंतर.

एवढं सगळं पाहून मी सुधारायला हवी होते. पण दबका आवाज घरात शिरून बसला होता. तिला सांगायचं कधी, यावर आम्ही 'जरा मोठी होऊ दे' म्हणत राहिलो. पाच वर्षांची असताना गल्लीतल्या पोरानं क्रिकेटच्या भांडणात सांगितलं, "तुला आणलीय." ती घरी आली, रडली नाही, म्हणाली, "मला माहितीय. तिथं लाल फरशी होती." विसरली असेल असं आम्ही समजत होतो. अडीच वर्षं ती एकटीच ती फरशी जपून होती.

म्हणून दत्तक हा शब्द पहिल्या दिवसापासून घरात वापरा, मीठ-मिरचीसारखा. पुण्या-मुंबईकडे दत्तक पालकांचे गट भेटतात, मुलंही एकमेकांना भेटतात. जवळ नसेल तर संस्थेच्या समाजसेविकेला विचारून निदान दोन घरं जोडा. आम्ही तेच केलं, पण उशिरा.

आता ती आठ वर्षांची आहे. यंदा मे महिन्यात तिनं तिची फाइल मागितली. संस्थेकडून आलेले कागद आहेत त्यात: कुठल्या तारखेला आली, कोण घेऊन आलं, पहिली लस कधी. त्या दवाखान्यातून मूल आणलं असतं तर ही फाइलच नसती, माझी कालची ॲडमिटची तारीख असती फक्त. मोठी झाल्यावर तिला स्वतःचं मूळ शोधायचा अर्ज करता येतो, तोही याच कागदांच्या जोरावर. तिनं एकेक पान उलटलं. "वजन म्हणजे हे?" एक किलो नऊशे. वडिलांचा हात धरून वाण्याकडे गेली, बरोबर एक किलो नऊशे तांदूळ मोजून घेतले आणि ती पिशवी दोन्ही हातांत धरून घरभर फिरली. संध्याकाळी मी विचारलं, भात लावू का यातला?

"नको. राहू दे."

पिशवी फडताळात आहे. पोरकिडे होऊ नयेत म्हणून सासूबाई तिच्यात कडुनिंबाचा पाला घालतात, आणि वाळला की न सांगता बदलतात.