पगार पुण्याचा, कर कॅनडाचा

कॅनडाचं पीआर मिळालं, बायको-मुलांसह मिसिसागात भाड्याचं घर घेतलं, पण पुण्याची नोकरी सोडवत नाही आणि कंपनीही म्हणते, ‘तिकडूनच काम करा.’ माझं हेच झालं होतं. कोविडनंतर इथल्या इतर मराठी घरांतही हे पाहतोय. ही सोय चांगली आहे. फक्त कराचा हिशेब पहिल्या दिवसापासून चोख ठेवावा लागतो.

माझा पगार पुण्यातल्या खात्यात जमा होत राहिला आणि कंपनी दरमहा टीडीएस कापत राहिली. इथल्या एका कर सल्लागाराने ठामपणे सांगितलं, “भारतात कापलाय ना? मग तेवढा इथे वजा होतो.” त्याने तसं रिटर्न भरलं. पुढे कर खात्याचं पत्र आलं: भारतात भरलेल्या कराची सूट नामंजूर, फरक व्याजासकट भरा.

कारण दोन ओळींत दिलं होतं. भारत-कॅनडा कर करारानुसार, कॅनडाचा रहिवासी कॅनडात बसून नोकरीचं काम करत असेल, तर त्या पगारावर कर फक्त कॅनडाचा. कंपनी पुण्याची, खातं पुण्यातलं, याने फरक पडत नाही. भारताला जो कर देणं लागतच नव्हतं, तो भरला म्हणून कॅनडा सूट देत नाही. तो भारतात रिटर्न भरून परत मागायचा आणि त्यासाठी कॅनडाच्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला मिळवायचा. ते पैसे मला परत मिळाले, पण तोवर एकाच पगारावर दोनदा कर भरून घरासाठीची पुंजी अडकून पडली होती.

म्हणून निघण्याआधीच कंपनीच्या पेरोल विभागाला तारखेसह लेखी कळवा आणि टीडीएसचं काय करणार, ते लेखी मागा.

‘१८३ दिवस भरले नाहीत, मग कर कसला?’ हे मी अनेकांकडून ऐकतो. तो नियम इथे घर-संसार नसलेल्यांसाठी आहे. घर, जोडीदार, मुलं इथे असतील, तर इथे राहायला आलात त्या दिवसापासून तुम्ही करापुरते रहिवासी, आणि तेव्हापासूनचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे नोव्हेंबरात आलेला माणूस काही महिने दोन्हीकडे रहिवासी ठरू शकतो. अशा वेळी करार क्रमाने पाहतो: कायमचं घर कुठे, कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे घट्ट, नेहमीचं वास्तव्य कुठे, आणि मग नागरिकत्व. भाडेकरार, मुलांच्या शाळाप्रवेशाचे कागद, बोर्डिंग पास जपून ठेवा. माझ्याकडे हेच मागितले गेले.

पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात, नागरिकत्वाच्या अर्जासाठी १,०९५. हे इमिग्रेशनचे हिशेब आहेत, त्यांवरून कराचा अंदाज बांधू नका.

भारतात करमुक्त ते इथेही करमुक्त, असंही समजू नका. पीपीएफचं आणि एनआरई ठेवीचं व्याज इथे करपात्र आहे. भारतातल्या ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, भाड्याने दिलेला फ्लॅट यांची एकूण किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल, तर टी-११३५ फॉर्म भरावा लागतो. नव्याने आलेल्यांना पहिल्या वर्षी यातून सूट असते. त्यानंतर उशीर झाला, तर दिवसाला २५ डॉलर, कमाल २,५०० डॉलर दंड बसतो.

एक नियम मात्र आपल्या फायद्याचा आहे. तुम्ही रहिवासी झालात त्या दिवशीचा बाजारभाव हीच कॅनडा तुमच्या भारतातल्या मालमत्तेची खरेदी किंमत धरतो. समजा, बाणेरचा फ्लॅट ४० लाखांना घेतला होता, तुम्ही इथे आलात तेव्हा त्याची किंमत १ कोटी २० लाख होती आणि पुढे तो १ कोटी ४० लाखांना विकलात. कॅनडाच्या हिशेबात नफा २० लाखांचा, एक कोटीचा नाही. भारत आपल्या नियमाने कर घेईल ते वेगळं. पण त्या दिवसाची किंमत सिद्ध करायला नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हवा, आणि तो वेळेत करून घेतलेला बरा. शेअर आणि फंडांचं त्या तारखेचं स्टेटमेंटही काढून ठेवा.

शेवटचं सांगणं सल्लागाराबद्दल. दोन्ही देशांची रिटर्न हाताळणारा माणूस शोधा. एकच माणूस मिळाला नाही, तर इथला आणि तिथला असे दोघे गाठा आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. दोघांनाही विचारा: माझ्या पगारावर कर घेण्याचा हक्क कोणत्या देशाचा, आणि दुसऱ्या देशाने कापलेला कर परत कसा मिळवायचा? उत्तर कराराच्या कलमासह लेखी घ्या. इथल्या रिटर्नची मुदत ३० एप्रिलला संपते, पण हे प्रश्न विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारायचे आहेत.