स्वस्त मुलखाचा निर्वाहखर्च

मे महिन्यात मुंबईहून गावी आलेला माजी विद्यार्थी शाळेत डोकावतो, चार जुन्या गोष्टी निघतात आणि निघता निघता तो म्हणतो, “सर, तुमचे बरे आहे. देवगडात जगणे स्वस्त!” त्याच्या दृष्टीने ते खोटे नाही. दरमहा खोलीभाडे आणि लोकलचा पास यांत निम्मा पगार घालवणाऱ्याला आपला गाव स्वस्तच वाटणार. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला अशा वाक्यापाशी थांबण्याची खोड असते. स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त, आणि उरलेली किंमत कोण भरतो?

या प्रश्नाचा एक जुना कागद उपलब्ध आहे. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले. त्याचे संचालक फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभर रुपयांच्या खर्चात सुमारे ५७ रुपये अन्नावर जात आणि घरभाड्यावर आठांहूनही कमी. हे भाडे कमी दिसते याचे कारणही अहवालातच आहे : शंभरांतील ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. स्वस्ताई ही कित्येकदा अशी असते. वस्तू स्वस्त नसते, माणसाने तिच्यावाचून भागवलेले असते.

त्या काळी मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे होती. देवगड तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. आपले पणजोबा त्याच लोंढ्यात बोटीने गेले. जुलै १९१४ = १०० धरून मुंबईचा जो निर्वाहखर्चाचा निर्देशांक काढला जाई, त्यात धान्य होते, इंधन होते, कापड होते, घरभाडे होते; मनीऑर्डरीचा रकाना मात्र नव्हता. गिरणीमालकाला कमी मजुरी परवडत असे, कारण कामगाराची बायकामुले गावी नाचणीवर आणि शेतातल्या राबण्यावर तगून होती. गावी जगणे स्वस्त भासे, कारण मीठ, कापड आणि खोताचे देणे मुंबईच्या पैशातून भागे. दोन्ही बाजूंच्या स्वस्ताईची किंमत गावात मागे राहिलेल्या स्त्रीने भरली. तिच्या श्रमाचा भाव कोणत्याही निर्देशांकात लागलेला नाही.

बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथही १९२३ चाच, हा योगायोग मला मोलाचा वाटतो. आपण हा ग्रंथ मिरवणुकीत मिरवतो, वाचत मात्र नाही, हे खेदाने म्हणावे लागते. रुपयाचा परकीय चलनाशी असलेला दर स्थिर राहण्यापेक्षा त्याची देशातील क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांची नजर तिथेच होती : भाव आधी चढतात, मजुरी मागाहून चढते आणि मधल्या अंतरात मजूर भरडला जातो. पुढे मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि वेतनाची सांगड निर्वाहखर्चाच्या निर्देशांकाशी घालण्याची तरतूद त्यात आली.

म्हणून निर्देशांकाच्या टोपलीत काय आहे, हे आपण पाहिले पाहिजे. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून वाढवली जात आली. त्या निर्देशांकाचा पाया दीर्घकाळ १९८६-८७ हा राहिला आणि त्याची टोपली १९८३ च्या पाहणीतली. तीत अन्नाचा भार शंभरांत सुमारे ६९. मोबाइलचा रिचार्ज, शिकवणीची फी, संगणकाचा वर्ग यांची १९८३ च्या मजुराच्या घरी गाठच नव्हती. महाराष्ट्रात ही मजुरी २०२५-२६ साठी रोजी ३१२ रुपये झाली. तेव्हाच्या हमीचे शंभर दिवस पुरे भरले, तरी वर्षाचे ३१,२०० रुपये. किमान वेतनातही ग्रामीण भागाचे परिमंडळ खालचे, घरभाडे भत्त्याची श्रेणीही शेवटची. गाव स्वस्त आहे असे गृहीत धरून मजुरी आधीच कापलेली असते. गॅसची टाकी मात्र परिमंडळ पाहून भाव कमी करत नाही.

मग गावात खरोखर स्वस्त काय? ज्याचे चिऱ्याचे घर स्वतःच्या जागेत आहे, परड्यात चार माड आहेत, त्याला बरेच काही. परंतु जागा कोणाच्या नावावर, हा कोकणातला जुना घाव आहे. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले. कायदा होण्यास १९४९ उजाडले. आपल्या वाड्यांतल्या कित्येक घरांना अजून सातबाऱ्यावर स्वतःचे नाव शोधावे लागते. हापूस आपल्या कातळावर पिकतो, पण त्याचा भाव वाशीच्या बाजारात ठरतो. बंदरात सुरमई उतरते, तीही बाहेरच्या भावाने. कलमांच्या बागेत पेट्या भरणाऱ्या बाईच्या घरी शेवटी डागाळलेला आंबा जातो. तो स्वस्त असतो, हे खरे.

दुखणे आले की हा हिशेब उघडा पडतो. गंभीर रुग्णाला घेऊन आपली माणसे वर्षानुवर्षे कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी गाठत आली आहेत. २०१८ च्या आरंभी गोव्याने परराज्यांतील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा जिल्हाभर केवढी चिंता पसरली होती! आता जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तरीही गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि खानावळीचे पैसे ‘औषधपाणी’ या रकान्यात कोणी मांडत नाही.

दहावीच्या वर्गाला मी दर वर्षी घरचा एका महिन्याचा जमाखर्च मांडून आणायला सांगतो. मुलगे बहुधा सरपण आणि पाणी विसरतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, एवढेच त्यांना ठाऊक असते. एका वर्षी एका मुलीने खर्चाच्या बाजूला ‘बाबांचे मुंबईतील खोलीभाडे’ असे लिहिले. वर्ग हसला. तो मुंबईचा खर्च, गावचा नव्हे, म्हणून खोडून टाक, असे सगळे तिला सांगू लागले. ती म्हणाली, “बाबा तिकडे राहिले नाहीत, तर जमेच्या बाजूला मी काय लिहू?” मी तिची वही तशीच तपासली आणि पूर्ण गुण दिले.