कुत्रीच्या टांक्यांची देखरेख

पुष्कळ घरीं आतां पाळीव कुत्रीचें निर्बीजीकरण करवितात. या शस्त्रक्रियेंत अंडाशय व बहुधा त्यांसह गर्भाशयहि काढून टाकतात. त्यामुळें नको असलेलीं पिल्लें होत नाहींत व गर्भाशयांत पू होण्याच्या जीवघेण्या विकारापासून तिचें रक्षण होतें. शस्त्रक्रिया पशुवैद्य करतो. परंतु पुढील १० ते १४ दिवसांची जबाबदारी घरच्या माणसांवर येऊन पडते. ती कशी पार पाडावी याचा येथें विचार करूं.

प्रथम जखमेची रचना समजून घेतली पाहिजे. छेद बहुधा पोटाच्या मध्यरेषेवर घेतलेला असतो. त्याची शिवण एकपदरी नसते. खालीं पोटाची भिंत, तिच्यावर कातडीखालचा थर व सर्वांत वर कातडी, अशी ती थराथरानें घातलेली असते. आपणांस वरची शिवण तेवढी दिसते. आंतडीं जागच्या जागीं धरून ठेवते ती खालची. कातडीच्या कडा थोड्याच दिवसांत जुळतात. तथापि टांके काढण्याच्या दिवशींहि तेथें मूळच्या बळाचा अल्प अंशच आलेला असतो. म्हणून जखम मिटलेली दिसली म्हणजे ती बरी झाली, असें समजूं नये. दोन-तीन दिवसांत कुत्री पुन्हां उड्या मारूं पाहते, आणि खरा धोका तेव्हांच असतो.

निरीक्षण सकाळीं व संध्याकाळीं, चांगल्या उजेडांत करावें. एकानें तिचें डोकें कुरवाळावें, दुसऱ्यानें जखम पाहावी. शिवणीस बोट लावूं नये. ती गुरगुरल्यास बळजबरी करूं नये. जें दिसेल तें तारखेसह वहींत लिहावें, कारण आजच्या जखमेची खरी परीक्षा कालच्या जखमेशीं ताडून पाहिल्यानेंच होते. आरंभीं कडा किंचित् लाल व सुजलेल्या असणें स्वाभाविक होय. पण हीं लक्षणें दिवसेंदिवस कमी झालीं पाहिजेत. शिवणीखालीं मऊ, न दुखणारा फुगवटा बहुधा सांचलेल्या लसीचा असतो. परंतु आंतील शिवण उसवल्यानेंहि फुगवटा येतो, सबब तो पशुवैद्यास दाखवावा.

लाली वा सूज वाढणें, पू किंवा दुर्गंधी येणें, टांका तुटणें, अळ्या दिसणें, उलट्या होणें, दुसऱ्या दिवशींहि अन्न न घेणें, यांपैकीं एकहि गोष्ट आढळल्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे जावें. रक्त सतत ठिबकत असेल, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या असतील किंवा जखम उकलून आंतील भाग दिसत असेल, तर क्षणाचाहि विलंब करूं नये. उकललेल्या जखमेवर स्वच्छ ओलें फडकें धरून तिला तसेंच न्यावें.

आतां कांहीं निषेध. हळद, राख, तेल किंवा घरांतील जंतुनाशक जखमेस लावूं नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत; आयबुप्रोफेन तर कुत्र्यास विषासमान आहे. कुत्र्याची लाळ जखमेस औषध असते हा समज खोटा होय. चाटण्यानें जंतु शिरतात व दांतांनीं टांके निघतात. म्हणून गळ्याभोंवती शंकूच्या आकाराची कॉलर बांधावी व ती दया येऊन सोडूं नये. टांके निघेपर्यंत अंघोळ, जिना व धांवणें बंद ठेवावें. साखळीस धरून थोडें चालवावें, तेवढें पुरे.

मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. वहींतील कालच्या व आजच्या ओळींत जो फरक दिसेल, तेंच त्याचें बोलणें समजावें.